उष्ण हवामानात सॅव्हॉय कोबी: गड्डा थंडीत भरेल असं वेळापत्रक

सॅव्हॉय म्हणजे सुरकुतलेल्या, फुगीर जाळीदार पानांचा पानकोबी. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर आल्प्स पर्वतात सॅव्हॉय नावाचा प्रदेश आहे, त्यावरून हे नाव पडलं. पान साध्या कोबीपेक्षा मऊ, चव सौम्य, गड्डा थोडा सैलसर. थंडी सोसण्यात हा कोबी साध्या कोबीच्या पुढे आहे, उन्हाच्या बाबतीत मात्र तितकाच हळवा.

उष्ण भागात सॅव्हॉय फसतो तो बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेमुळे. माती चांगली, खत वेळेवर, फवारणी नीट, आणि गड्डा धरायच्या वेळी नेमकं ऊन तापायला लागलेलं. मग बाहेरची पानं छत्रीसारखी पसरतात आणि मधे मूठभर सैल गुंडाळी राहते. त्या टप्प्यावर कितीही खत-पाणी दिलं तरी ती आवळत नाही. त्यामुळे बियाणं घेण्याआधी कॅलेंडर हातात घ्या.

आधी थंडी मोजा

कोबीच्या आयुष्याचे दोन भाग धरा. पहिल्या भागात रोप फक्त पानं वाढवतं. या काळात २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान त्याला चालतं, थोडी काळजी घेतली तर. दुसऱ्या भागात मधली पानं आतल्या बाजूला वळून एकमेकांवर बसतात, म्हणजे गड्डा भरतो. हा भाग थंडच लागतो. दिवसरात्रीची सरासरी १५ ते २० अंश असेल तर उत्तम. सरासरी २४-२५च्या वर गेली की गड्डा सैल राहतो, काही रोपांत धरतच नाही.

तुमच्या ठिकाणच्या सर्वांत थंड सहा आठवड्यांचं कमाल आणि किमान तापमान बघा, दोन्हींची बेरीज करून निम्मं करा. दिवसा २६ आणि रात्री १२ असेल तर सरासरी १९ येते. इथे सॅव्हॉय छान येईल. दिवसा ३१ आणि रात्री २० असेल तर सरासरी साडेपंचवीस. इथे भरीव गड्ड्याची आशा धरू नका. रात्रीच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्या. दिवसभरात पानांनी तयार केलेली साखर उबदार रात्री श्वसनातच खर्च होते, गड्ड्यासाठी उरत नाही. दिवस थोडे गरम पण रात्री गार, अशी जागा दिवसरात्र सारखीच कोमट असलेल्या जागेपेक्षा कितीतरी बरी.

उंचीचाही हिशेब धरा. दर १००० मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. विषुववृत्ताजवळच्या देशांतही दीड-दोन हजार मीटरवर बारा महिने कोबी निघतो, तो यामुळेच.

आता तारीख उलटी मोजा. लवकर येणाऱ्या जातीत लावणीनंतर साधारण ४० दिवसांनी गड्डा धरायला लागतो, आणि रोप लावणीला यायला ३० दिवस लागतात. म्हणजे थंडीचे पक्के आठवडे सुरू होण्याच्या ७० दिवस आधी बी पडायला हवं. उत्तर गोलार्धात तुमची खरी थंडी १५ डिसेंबरला सुरू होत असेल तर लावणी ५ नोव्हेंबरच्या आसपास आणि पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दक्षिण गोलार्धात थंडी १५ जूनला सुरू होत असेल तर लावणी मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पेरणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

सगळं बी एकाच दिवशी पेरू नये. दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन तुकड्या करा: एक ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी, एक त्या दिवशी, एक दहा दिवसांनी. एखाद्या वर्षी थंडी उशिरा येते, एखाद्या वर्षी लवकर सरते. तिन्हीतली एक तुकडी तरी नेमकी सापडते. पण थंडी सुरू झाल्यावर पेरायचा मोह आवरा. तेव्हा पेरलेल्या बियांची उगवण सुरेख होते, रोपं टवटवीत दिसतात, आणि गड्डा भरायची वेळ येते तेव्हा उन्हाळा दारात उभा असतो.

जात निवडताना

उष्ण भागासाठी एकच कसोटी लावा: दिवस कमी. थंडीची खिडकीच लहान असेल तर शंभर-सव्वाशे दिवसांची जात तिच्यात मावणार नाही. सॅव्हॉय एक्स्प्रेस ही संकरित जात लावणीनंतर सुमारे ५५ दिवसांत तयार होते. गड्डा लहान, अर्ध्या किलोच्या आसपास, पण थंडी जेमतेम सहा-सात आठवडे असेल तिथे हीच खात्रीची. थंडी अडीच-तीन महिने टिकत असेल तर सॅव्हॉय एस किंवा सॅव्हॉय किंग घ्या. दोन्ही साधारण ८० ते ९० दिवसांच्या, गड्डे मोठे. जानेवारी किंग, ऑर्मस्कर्क यांसारख्या उशिरा येणाऱ्या जाती लांब आणि कडक हिवाळ्यासाठी आहेत. उष्ण भागात त्यांच्या नादी लागू नका.

पाकिटावरचे दिवस लावणीपासून मोजलेले आहेत की पेरणीपासून, ते नीट वाचा. कोबीच्या पाकिटांवर बहुधा लावणीपासूनचे असतात. ते पेरणीपासूनचे समजलात तर सगळं वेळापत्रक एक महिन्याने चुकतं.

एका ग्रॅममध्ये २५० ते ३०० बिया असतात. घरच्या बागेला एक ग्रॅमसुद्धा जास्त होतं. उरलेलं बी कोरड्या, हवाबंद डबीत गार जागी ठेवा. दमट उष्ण हवेत उघडं राहिलेलं बी पुढच्या हंगामात दगा देतं.

रोपं: खरी परीक्षा इथे आहे

सत्तर दिवस आधी पेरायचं म्हणजे हवा अजून तापलेली असताना पेरायचं. काही ठिकाणी पाऊसही पुरता सरलेला नसतो. उगवणीची चिंता नको. कोबीचं बी २५ ते ३० अंशांत तीन ते पाच दिवसांत वर येतं. अडचण असते ती उगवल्यानंतर.

खुल्या गादीवाफ्यापेक्षा कप्प्यांचा ट्रे निवडा. ९८ कप्प्यांचा ट्रे कोबीला पुरतो. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण ओलसर करून भरा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकी ओल पुरे. प्रत्येक कप्प्यात एक सेंटिमीटर खोल एक बी टाका, वर मिश्रण पसरा, हलकं पाणी द्या. मग ट्रे एकावर एक रचून झाकून सावलीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून झाकण उचलून बघायला लागा. मिश्रणाच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पडल्या आणि एखादा वाकलेला पांढरा देठ डोकावला, की त्याच क्षणी सगळे ट्रे वेगळे करून उजेडात मांडा. इथे एक दिवसाची दिरंगाई फार महाग पडते. झाकणाखाली देठ रात्रीत दोन-तीन सेंटिमीटर ताणला जातो, पांढरा आणि सुतासारखा बारीक होतो, आणि ते रोप पुढे कधीच जोम धरत नाही. अशी रोपं फेकून नव्याने पेरलेलं बरं.

पहिले दहा दिवस ट्रेवर ५० टक्के सावलीची जाळी असू द्या. त्यानंतर ती फक्त सकाळी ११ ते दुपारी ४ ओढा, आणि शेवटचा आठवडा पूर्ण काढून टाका. ट्रे जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळते आणि मुळं जमिनीत घुसत नाहीत. काळे ट्रे उन्हात तापतात. कडेच्या कप्प्यांतली रोपं खुजी राहिलेली दिसली तर कारण हेच असतं. ट्रेच्या बाहेरच्या कडांना पांढरा कागद किंवा कापड लावलं तरी फरक पडतो. पाऊस येण्याची शक्यता असेल तर वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर हवंच, बाजू उघड्या ठेवून.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी वरचा थर कोरडा दिसला पाहिजे. रात्रभर ओला राहणारा थर म्हणजे मर रोगाला आमंत्रण. या रोगात देठ मातीलगत पाणचट होतो, दोऱ्यासारखा आक्रसतो आणि वरचं रोप हिरवंगार असतानाच आडवं पडतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि त्याच्या आजूबाजूचे कप्पे मिश्रणासकट काढून टाका, एक दिवस पाणी तोडा, हवा मोकळी करा. मिश्रण भरतानाच त्यात ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळली असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

दोन खरी पानं आली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्या. शेवटच्या आठवड्यात खत बंद, पाणीही थोडं कमी, ऊन पूर्ण. पान किंचित जाड आणि निळसर हिरवं झालं की रोप कणखर झालं समजावं.

लावणीयोग्य रोप २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच खऱ्या पानांचं, १२ ते १५ सेंटिमीटर उंच असतं. ओढल्यावर मुळांनी धरलेला मिश्रणाचा अख्खा गोळा बाहेर यावा, मुळं पांढरी असावीत. चाळीस दिवस उलटलेलं, जांभळट आणि लाकडी देठाचं, कप्प्यात मुळं गोल गुंडाळलेलं निबर रोप लावू नका. ते बसतं, जगतं, आणि लिंबाएवढा गड्डा देऊन थांबतं. त्यातही देठ पेन्सिलीएवढा जाड झालेल्या रोपाला पुढे काही आठवडे दहा अंशांखालची थंडी लागली, तर गड्ड्याऐवजी फुलदांडाच वर येतो.

बी घरचं किंवा खात्री नसलेलं असेल तर पेरण्याआधी ५० अंशांच्या पाण्यात बरोबर २५ मिनिटं ठेवा. थर्मामीटर लागतोच, अंदाजाने करायचं हे काम नाही. दोन अंश जास्त झाले तर उगवण मरते, कमी झाले तर रोगाचे जिवाणू वाचतात. लगेच थंड पाण्यात बुडवून, सावलीत सुकवून पेरा. औषध किंवा रंगाचा लेप असलेल्या बियांना हे करायचं नाही.

जमीन, खत, लावणी

निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली जमीन, सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान. मुळं बहुतेक वरच्या एक-दीड फुटात पसरतात, तेवढा थर भुसभुशीत असला की पुरे. पाऊस रेंगाळत असेल तर २० सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. मागच्या तीन वर्षांत त्याच जागी कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, सलगम किंवा मोहरी झालेली नको. एकाच कुळातली ही पिकं रोगही वाटून घेतात.

दहा चौरस मीटर वाफ्याचा हिशेब असा. चांगलं कुजलेलं शेणखत २० ते २५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ५०० ग्रॅम आणि म्युरिएट ऑफ पोटॅश १३० ग्रॅम लावणीआधी मातीत मिसळा. युरिया एकूण ३५० ग्रॅम, तीन समान हप्त्यांत: लावणीच्या वेळी, तीन आठवड्यांनी, आणि मधली पानं आत वळायला लागली की. त्यानंतर नत्र द्यायचं नाही. गड्डा भरत असताना नत्र ओतलं तर पानं झपाट्याने फुगतात, आतल्या कडा करपतात आणि गड्डे फुटतात. रासायनिक खत नको असेल तर कुजलेलं खत ४० किलो आणि निंबोळी पेंड दोन किलो लावणीपूर्वी द्या, आणि तीन आठवड्यांनी रोपांभोवती गांडूळखताची एक-एक ओंजळ.

देठ आतून पोकळ आणि तपकिरी निघण्याची तक्रार आधीच्या पिकात असेल तर बोरॉन कमी आहे असं समजा. दहा चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून मातीत द्या. जास्त घातलं तर तेच विष होतं, म्हणून तोलूनच घाला.

लावणी दुपार कलल्यावर करा, जमीन वाफशावर असताना. चिखलात लावलेल्या रोपाभोवती माती नंतर विटेसारखी आवळते. लवकरच्या जातीला ४५ बाय ४५ सेंटिमीटर, मोठ्या जातीला ६० बाय ४५. दाट लावलं तर गड्डे लहान होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे आत हवा खेळत नाही. रोप पहिल्या जोडपानांपर्यंत मातीत घ्या, मधला कोंब मात्र उघडा राहिला पाहिजे. मुळाशी माती बोटांनी दाबून लगेच पाणी द्या. पहिले चार-पाच दिवस दुपारची सावली करा. आठ-दहा दिवसांत नांगे, म्हणजे रोपं मेलेल्या मोकळ्या जागा, भरून घ्या. त्यानंतर भरलेली रोपं शेजाऱ्यांच्या सावलीत मागेच राहतात. सकाळी रोपं जमिनीलगत कापून पडलेली दिसली तर बुंध्याजवळची माती दोन बोटं उकरा. गुंडाळून बसलेली राखाडी अळी सापडेल. जाड कागदाची पट्टी बुंध्याभोवती, निम्मी मातीत आणि निम्मी वर, अशी गुंडाळली की ती थांबते.

रोपं लागली की पाच ते सात सेंटिमीटर जाडीचं वाळलेल्या गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून चार बोटं दूर. उष्ण भागात हे ऐच्छिक मानू नका. कोबीची उथळ मुळं तापलेल्या मातीत काम थांबवतात आणि उघडी जमीन दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. प्लास्टिकच वापरायचं असेल तर चंदेरी किंवा पांढरी बाजू वर ठेवा, काळी नको.

पाणी

आठवड्याला चौरस मीटरमागे २५ ते ४० लिटर, दोन-तीन पाळ्यांत. ठिबक असेल तर रोज थोडं थोडं. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. टोकाला ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर द्या. भर दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, हे स्वाभाविक आहे. ते बघून पाणी ओतत बसू नका. सकाळी सातलाही पान मलूल असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय: पाणी कमी पडतंय, किंवा मुळं कुजताहेत, किंवा मुळांवर गाठी आहेत. एक रोप उपटून बघा. मुळं बोटांसारखी सुजलेली असतील तर तो मुळांच्या गाठींचा रोग, आम्ल जमिनीत जास्त फोफावणारा. पुढच्या हंगामाआधी चुना घालून सामू ७च्या थोडा वर न्या आणि ती जागा या कुळासाठी बरीच वर्षं बंद ठेवा.

गड्डा भरत असताना पाण्यात खंड पडला आणि मग एकदम भरपूर दिलं, की गड्डा तडकतो. आतली पानं पाणी पिऊन फुगतात, बाहेरची ताणली जाऊ शकत नाहीत. जोराच्या पावसानंतरही हेच होतं. पाऊस येणार असेल आणि गड्डे तयार होत आले असतील तर दोन्ही हातांनी गड्डा धरून रोप पाव वळसा फिरवा. एका बाजूची मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं, आणि तुम्हाला आठवडाभर सवड मिळते.

आतल्या पानांच्या कडा करपणं हा बाहेरून न दिसणारा दोष. गड्डा कापल्यावर मधे कागदासारख्या तपकिरी कडा दिसतात. त्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नसतं. मातीत ते बहुधा पुरेसं असतं. पण कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं आणि झाकलेल्या पानांतून बाष्प जवळजवळ उडत नाही, त्यामुळे पाणी सगळं बाहेरच्या पानांकडे जातं. वरून चुना किंवा कॅल्शियमची फवारणी करून गड्ड्याच्या आत काही पोहोचत नाही. समान पाणी आणि आवरतं नत्र, हाच उपाय.

सुरकुत्यांत दडलेले शत्रू

साध्या कोबीचं कीडनियंत्रण जसंच्या तसं सॅव्हॉयला लागू पडत नाही. त्याच्या पानाची खालची बाजू उलटून बघा: प्रत्येक फुगवट्याच्या मागे एक खोल वाटी असते, दोन शिरांच्या मधे. मावा नेमका त्या वाटीत बसतो. राखाडी, मेणचट भुकटीने माखलेला, दाटीवाटीने. वरून फवारलं तर थेंब फुगवट्यांवरून घरंगळतात आणि वाटीत एकही जात नाही. म्हणून फवारणी खालून वर, पंपाचा नोझल वळवून. द्रावणात चिकटद्रव्य घातल्याशिवाय या मेणचट पानावर काहीच ठरत नाही.

मावा दिसताच पहिले दोन दिवस नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. वाढला तर लिटरला १० मिली सौम्य द्रव साबण संध्याकाळी फवारा, आधी एका पानावर करून बघा. माव्यात काही गोल, फुगलेले, तांबूस सोनेरी दाणे दिसले तर आनंद माना. ते परोपजीवी गांधीलमाशीने आतून पोखरलेले मावे आहेत. त्यातून आणखी माश्या निघतील. ती पानं तशीच ठेवा. एकदा मधली पानं मिटली की आत अडकलेला मावा कशानेही निघत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते गड्डा धरण्याआधी.

लावणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत गड्डा पोखरणारी अळी सांभाळा. उबदार हवेत ती जास्त येते. मधल्या कोंबात बारीक जाळी आणि विष्ठेचे कण दिसले की ती आत आहे. कोंब खाल्ला गेला तर रोप बांडं राहतं किंवा त्याला चार-पाच चिमुकले गड्डे फुटतात, कामाचा एकही नाही. रोज सकाळी कोंबात डोकावणं हाच खरा बचाव.

चौकोनी ठिपक्याचा पतंग ही कोबीची जगभरातली डोकेदुखी. त्याची अळी जेमतेम एक सेंटिमीटर, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. कोवळी अळी पानाचा खालचा थर खाते आणि वरचा पापुद्रा काचेसारखा पारदर्शक ठेवते. उष्ण हवेत तिची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते, आणि औषधांना ती फार लवकर सरावते. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूला शेतात प्रतिकार करायला शिकलेली पहिली कीड हीच. तेव्हा एकच औषध पुन्हापुन्हा वापरू नका.  बीटीचा जिवाणू अळीच्या पोटात गेला तरच काम करतो आणि उन्हाने निकामी होतो. अळ्या लहान असताना, संध्याकाळी, पानाच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा. त्याच्या आळीपाळीने पाच टक्के निंबोळी अर्क वापरा: ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबण घालून.

जागा मोठी असेल तर मोहरीचा सापळा लावा. कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची. पतंग मोहरीवर अंडी घालायला धावतो. मोहरीवर फवारत राहिलं पाहिजे, नाहीतर तीच किडीचं कोठार होते. घरगुती वाफ्याला याहून सोपा मार्ग म्हणजे लावणीच्या दिवशीच कमानींवर बारीक जाळी घालणं, छिद्रं एक मिलिमीटरपेक्षा लहान, कडा मातीत गाडलेल्या. बारीक जाळीनं आत उष्णता कोंडते, म्हणून पांढरी घ्या आणि कमानी उंच ठेवा.

पानाखाली तपकिरी केसाळ आवरणाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान तिथेच खुडून चिरडा. त्या एका पुंजक्यातून शेकडो अळ्या निघतात.

रोगांत सर्वांत घातक घाण्या रोग, उबदार ओल्या हवेतला. पानाच्या कडेपासून आत, टोक मधल्या शिरेकडे असलेला इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा पट्टा, आणि त्यातल्या शिरा काळ्या. देठ आडवा कापला तर काळं कडं दिसतं. तो बियांतून येतो आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो. लागलेलं रोप बरं होत नाही. उपटून दूर नेऊन नष्ट करा, पान ओलं असताना वाफ्यात शिरू नका, तुषार सिंचन बंद करा.

काढणी

सॅव्हॉय साध्या कोबीसारखा दगडी होण्याची वाट बघू नका, तो तसा होतच नाही. तळव्याने वरून दाबला की किंचित दबून परत वर यावा. बोटं आत रुतली तर आणखी आठवडा थांबा. ऊन चढायला लागलं असेल तर थोडा सैल असतानाच काढा. उन्हात थांबवलेला गड्डा भरत नाही, निबर आणि कडसर होतो. कडाक्याच्या थंडीत या कोबीला जो गोडवा चढतो तो उष्ण भागात तेवढा येणार नाही, तरी वर्षातल्या सर्वांत गार आठवड्यात काढलेला गड्डा इतरांपेक्षा स्पष्टपणे गोड लागतो.

सकाळी लवकर, बाहेरची दोन-तीन पानं राखून धारदार सुरीने कापा आणि लगेच सावलीत न्या. सैल गड्ड्यामुळे हा कोबी साध्याइतका टिकत नाही. फ्रीजमध्ये पिशवीत घालून ठेवला तर आठवडा-दोन आठवडे. वापरण्याआधी पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. वाट्यांत लपलेलं जे काही उरलं असेल ते वर येतं.

गड्डे धरलेच नाहीत तरी पीक वाया गेलं असं नाही. बाहेरची कोवळी पानं पालेभाजीसारखी खुडत राहा, खालून वर, एका वेळी तीन-चार.

गड्डा कापल्यावर उरलेल्या बुडख्यावर अधिक चिन्हासारखी एक सेंटिमीटर खोल चीर दिली तर चार ते सहा आठवड्यांत त्यावर तीन-चार लहान गड्डे फुटतात. हे फक्त थंडीचे तेवढे आठवडे शिल्लक असतील तरच करा. नसतील तर बुडखे त्याच दिवशी मुळांसकट उपटा. उन्हात उभा राहिलेला हिरवा बुडखा मावा आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला पुढच्या हंगामापर्यंत पोसतो. निरोगी बुडखे ठेचून कंपोस्टच्या ढिगात मधोमध घाला, घाण्या किंवा मुळांवर गाठी असलेले घालू नका, आणि वाफ्यात पुढे कांदा, घेवडा किंवा भेंडीसारखं वेगळ्या कुळातलं पीक घ्या.